सुट्टीवरून परतलेली आई आणि आपलं ऑफिस: या चुका टाळा

पहिल्या दिवशी टेबलावर फुगे, केक आणि ‘वेलकम बॅक’चा बोर्ड. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच ते साडेचार सलग मीटिंग. माझ्या बाबतीत हेच झालं. चारच्या सुमारास पान्हा फुटला, कुर्ता भिजला आणि उरलेला अर्धा तास मी छातीशी फाइल धरून बसले. आता माझ्या टीममधल्या मुली बाळंतपणाच्या सुट्टीवरून परततात, तेव्हा आधी तीच फाइल आठवते.

सगळ्यात जास्त घोळ दूध काढण्याच्या वेळेचा होतो. बाळ घरी असलं तरी तीन-चार तासांनी दूध भरतंच. वेळेत काढलं नाही की छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप भरतो, हळूहळू दूधही कमी होतं. मग आपणच म्हणायला मोकळे, ‘हिच्या रजा फार वाढल्यात.’ बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक द्यायचे, असं कायदाच सांगतो. ते तिला रोज मागायला लावू नका. तिला सोयीच्या वेळा विचारा आणि त्या कॅलेंडरवर अडवून टाका.

जागाही हवी. ‘स्टेशनरीच्या खोलीत बस ना’ असं सहज सांगितलं जातं. आत पंपाची घरघर चालू आणि बाहेरून कुणीतरी प्रिंटरच्या कागदासाठी दार वाजवतंय, अशात दूध उतरत नाही. आतून कडी, एक खुर्ची, एक प्लग, जवळ बेसिन, एवढं पुरतं. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो हिशेब धरू नका, सरळ फ्रिजमध्ये ठेवू द्या. तिथे ते चार दिवस राहतं. दारातल्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूला. फ्रिज साफ करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा, नाहीतर दुपारभराची कमाई सिंकमध्ये जाते.

‘सहा महिने झाले की, बाळ मोठं झालं असेल!’ हाही गैरसमज. सुट्टी 26 आठवड्यांची, पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे ते आधीच गेले असतील, तर ती परतते तेव्हा बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असतं आणि वरचं खाणंही सुरू झालेलं नसतं. वेळापत्रक बाळाच्या वयावर ठरवा.

काळजीपोटी होणारी चूक मला जास्त खुपते. ‘तुला झेपणार नाही म्हणून मोठा क्लायंट दुसऱ्याला दिला.’ विचारलं होतं का तिला? वर अप्रेजलमध्ये ‘यंदा काम कमी’ असा शेरा. काहींना सुरुवातीला हलकं काम हवं असतं, काहींना नको असतं. तिच्याशी बोलूनच ठरवा.

पाळणाघराचं सुद्धा तसंच. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. नव्यानं पाळणाघरात जाणारं बाळ पहिले काही महिने सारखं सर्दी-तापानं आजारी पडतं. हे गृहीत धरूनच हाफ डे, घरून काम वगैरे ती रुजू व्हायच्या आधी ठरवा आणि मेलवर लिहून ठेवा. तोंडी ‘बघू, अ‍ॅडजस्ट करू’चा अर्थ मॅनेजर बदलला की बदलतो.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. रडणाऱ्या बाळाचा व्हिडिओ तिला ऑफिसात पाठवू नका. दुपारी एकला झोपलेल्याचा फोटो पाठवा. आणि पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर बाबांचा लिहा. ताप आला की पहिला फोन त्यांना जाऊ दे.