कौटुंबिक न्यायालयात जाण्याआधीची तयारी

घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्यासाठी वकिलांकडे जाण्याआधी एक वही घ्या आणि लग्नापासून आजपर्यंतच्या घटना तारीखवार लिहून काढा. लग्न कुठे झालं, शेवटचं एकत्र कुठे राहिलात, वेगळे कधीपासून राहता, मुलांचे जन्म, मोठे वाद, त्या वेळी घरात आणखी कोण होतं. ‘सासरी खूप छळ झाला’ एवढ्यावर याचिका उभी राहत नाही. ‘फेब्रुवारीत मारहाण झाली, त्याच रात्री सरकारी दवाखान्यात दाखवलं, केसपेपर जवळ आहे, शेजारच्या काकूंनी रिक्षा आणून दिली’ यावर राहते. नक्की तारीख आठवत नसेल तर महिना लिहा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. याच वहीतून याचिका तयार होते, पुढे सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे तुमची शपथेवरची लेखी साक्ष होते, आणि उलटतपासात, म्हणजे त्या साक्षीवर प्रश्न विचारताना, समोरचे वकील नेमकं अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर बोट ठेवतात.

मग दावा कुठे चालणार ते पाहा. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेलं कौटुंबिक न्यायालय तुमच्या भागात असेल तर तिथे. नसेल तर महाराष्ट्रात साधारणपणे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचं जिथे एकत्र राहिले किंवा जाबदार (ज्याच्याविरुद्ध याचिका आहे तो) जिथे राहतो तिथे याचिका करता येते. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती स्वतः जिथे राहते तिथेही करता येते. पण माहेरी राहणाऱ्या अनेकींच्या आधार कार्डावर सासरचाच पत्ता असतो. अशा वेळी भाडेकरार, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, मुलाच्या शाळेतली नोंद असं काहीतरी आधीच हाताशी ठेवा. लग्न विशेष विवाह कायद्याने झालं असेल तर त्याचे नियम वेगळे, मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी विवाहांचे कायदेही वेगळे. इथे मी मुख्यतः १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याबद्दल लिहिते आहे. या कायद्यात लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्याआधी घटस्फोटाची याचिका सहसा दाखल होत नाही, त्यासाठी असाधारण हालअपेष्टा दाखवून परवानगी घ्यावी लागते.

कागदांत सर्वांत वर विवाह नोंदणीचा दाखला. नोंदणी झालेली नसेल तर घाबरू नका: लग्नपत्रिका, आणि विधी चालू असताना दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतात असे फोटो काढून ठेवा. सगळ्यांच्या झेरॉक्सचे तीन संच करा, मूळ कागद मात्र कोणाच्याही हाती देऊन मोकळे होऊ नका. पुराव्याच्या वेळी मूळ प्रत दाखवल्यावर कागदाला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून नोंदीचा क्रमांक) पडतो, आणि तोवर ती हरवलेली असली की फार त्रास होतो.

जाबदाराचा पत्ता हा लोकांना किरकोळ वाटणारा मुद्दा आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त महिने इथेच वाया जातात. बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा कर्मचारी, समन्स घेऊन जातो, ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत येतो, आणि प्रकरण पुन्हा समन्ससाठी पुढे जातं. म्हणून घरचा पत्ता, नोकरीचा पत्ता, मोबाइल क्रमांक, ई-मेल, सगळं खात्री करून द्या. समन्स तुम्हालाच आलं असेल तर ते टाळू नका. घ्या आणि त्यावर लिहिलेल्या तारखेला हजर राहा, नाहीतर प्रकरण एकतर्फी, म्हणजे तुमची बाजू न ऐकताच, चालतं. कैफियत, म्हणजे याचिकेला लेखी उत्तर, द्यायला दिवाणी कायद्यात तीस दिवस असतात आणि न्यायालय ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं.

पोटगीची तयारी मात्र नीट वेळ देऊन करा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात ठरवून दिलं, की पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचं शपथपत्र द्यायचं. त्यासाठी मागच्या तीन वर्षांची बँक खात्यांची विवरणं, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या, कर्जाचे हप्ते, विमा, मुलांची फी, औषधांची बिलं जमवा. घरखर्च आकड्यांत लिहा: भाडं, वीज, किराणा, प्रवास, शिकवणी. इथे काही लपवू नका. स्वतःची छोटी नोकरी किंवा शिकवण्यांचं उत्पन्न पत्नीने लपवलं आणि ते उलटतपासात बाहेर आलं, की तिच्या खऱ्या तक्रारीवरचा विश्वासही डळमळतो. नवऱ्याने अचानक पगार कमी झाल्याचं दाखवलं तर न्यायालय तेही बारकाईने पाहतं. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही सांगितलं, म्हणून अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवू नका. असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तेव्हा तोवरच्या खर्चाची सोय मनात धरून चला. घटस्फोट नको, फक्त पोटगी हवी असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पूर्वीच्या कलम १२५ ऐवजी जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ लागू आहे. घरातून बाहेर काढलं जात असेल किंवा मारहाण चालू असेल तर घटस्फोटाच्या याचिकेची वाट पाहायची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

स्त्रीधनाची यादी स्वतंत्र कागदावर करा. प्रत्येक दागिना, अंदाजे वजन, कोणी दिला, सध्या कोणाकडे आहे. सराफाच्या पावत्या सापडतील तेवढ्या जोडा, आणि लग्नाच्या फोटोंत कोणता दागिना कुठे दिसतो याची नोंद करा.

वकिलांची फी परवडत नाही म्हणून कितीतरी बायका वर्षानुवर्षं थांबतात, हे पाहून जीव तुटतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्रात कोर्ट फीही माफ आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने तो उभा राहतो, त्यामुळे न्यायाधीश थेट तुम्हालाच प्रश्न विचारतील. शांतपणे, विचारलं तेवढंच सांगा.

पहिल्या काही तारखा बहुधा विवाह समुपदेशकांकडे जातात, कारण समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. ही औपचारिकता समजू नका. तिथे बोललेलं गोपनीय राहतं, म्हणून मोकळेपणाने बोला: एकत्र राहायचं नसलं तरी मुलांचं आणि पैशांचं तिथेच पुष्कळदा ठरतं. मुलांचा ताबा मागत असाल तर त्यांची शाळा, डॉक्टर, झोपेची वेळ, तुम्ही कामावर असताना कोण सांभाळतं हे सगळं सांगता आलं पाहिजे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण शेवटी पाहिलं जातं ते मुलाचं हित. मुलाला काय बोलायचं ते पढवू नका. न्यायाधीशांना ते लगेच कळतं आणि त्या पोराच्या मनावर त्याचं ओझं राहतं.

व्हॉट्सॲपचे मेसेज वापरणार असाल तर फोन बदलू किंवा रिसेट करू नका; छापील प्रतींबरोबर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. प्रकरण दाखल झालं की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागून घ्या, ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख त्यावरून दिसते. तारखेला सकाळीच पोहोचा, बोर्डावर आपला क्रमांक पाहा आणि पुकारा होईपर्यंत दारापासून लांब जाऊ नका. त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) असतं, तेही वहीत उतरवा.

परस्पर संमतीचा मार्ग असेल तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ होऊ शकतात. इथे सगळा भर संमतीच्या अटींवर आहे. रक्कम किती, कोणत्या तारखेला, कशी. दागिने कधी परत. सुट्टीत मुलं कोणाकडे. पासपोर्टसाठी सही कोण देणार. बाकीच्या केसेस कोण, केव्हा मागे घेणार. ‘आपसात ठरलं आहे’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका. हुकूमनामा (न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून रक्कम टप्प्याने आणि शेवटचा भाग अंतिम जबाबाच्या दिवशी, असं ठरवणं दोघांच्याही हिताचं.

निकालानंतर हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनाशुल्क मिळते, ती घ्या आणि आणखी एक-दोन प्रमाणित नकलांचा अर्ज करून ठेवा. अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. बँक, भविष्य निर्वाह निधी आणि विम्यातले नॉमिनी स्वतः जाऊन बदला. हुकूमनामा झाला म्हणून ते आपोआप बदलत नाहीत.