खिडकीच्या काचेचा पहिला कोस्टर: भट्टीत काच सांधताना

भट्टीत काच सांधायला शिकताना महागडी रंगीत काच मागवू नका. तालुक्याच्या गावी अ‍ॅल्युमिनियम खिडक्या बनवणाऱ्यांकडे ३ मिमी साध्या काचेचे तुकडे उरतात, तेच घ्या. मात्र दोन्ही तुकडे एकाच शीटमधले हवेत. वेगवेगळ्या काचा निवताना कमीजास्त आकसतात; खिडकीच्या काचेवर बाटलीचा तुकडा सांधला तर तो भट्टीतून अखंड निघेलही, पण आठवड्याने कपाटातच तडकेल. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच घेऊच नका, कापायला गेलं की तिचा चुरा होतो.

पहिला कोस्टर (कपाखाली ठेवायची चकती) १० × १० सेंमीचा, दोन थरांचा करा. वितळलेली काच आपसूक ६ मिमीच्या आसपास जाडी धरते. एकच थर असला तर कडा आत ओढल्या जातात, तीन असले तर काच बाहेर पसरते. गॉगल घालून कटरचं चाक रॉकेलात बुडवा आणि रेघ एकदाच, सारख्या दाबाने ओढा. धुताना शेवटचं पाणी आरओचं किंवा पावसाचं घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार काचेवर राहिले तर त्यांचे डाग भाजल्यावर निघत नाहीत. थरांमध्ये तांब्याची बारीक तार ठेवता येते. पितळ नको, त्यातल्या जस्ताचा धूर होतो.

भट्टीतल्या शेल्फला, म्हणजे काच ठेवायच्या फरशीला, काच चिकटू नये म्हणून अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन (पांढरी चिनी माती) या पावडरींचं पाण्यातलं पातळ मिश्रण मऊ ब्रशने चार वेळा लावा, दरवेळी दिशा बदलून. पावडर कालवताना मास्क हवाच.

आता तापमान, सगळं सेल्सिअसमध्ये. तासाला १५०° या गतीने ५४०° पर्यंत, मग त्याच गतीने ६८०° पर्यंत न्या आणि तिथे अर्धा तास थांबा, म्हणजे थरांमधली हवा निघून जाते. पुढे पूर्ण वेगाने ८३०°, १० मिनिटं. तिथून लवकर ५५०° वर उतरा, कारण वरच्या तापमानात रेंगाळलेल्या काचेवर पांढुरकी साय धरते. ५५०° ला एक तास थांबा, मग तासाला ६०° ने ३७०° पर्यंत उतरवून भट्टी बंद करा. आत ६०° च्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. मे महिन्यात शेडच ४५° ला टेकते तेव्हा हा टप्पा फार लांबतो, तरी घाई नको.

ही फायरिंग, म्हणजे भट्टी बंद करेपर्यंतची भाजणी, दहाएक तासांची आहे. शेतातल्या पंपाच्या लाइनवर वीज पाळीपाळीने येते, म्हणून भट्टी गावठाणातल्या लाइनवर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगल्या अर्थिंगसह लावा. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की ३ किलोवॅटची भट्टी १.८ किलोवॅटच देते आणि ८३०° गाठताना दमते. म्हणून वरचा टप्पा रात्री उशिरा, व्होल्टेज चांगलं असताना येईल असं बघा. चढताना वीज गेली तर झाकण न उघडता वाट पाहा आणि वीज आल्यावर त्याच संथ गतीने पुढे चला. उतरताना ३७०° च्या वर असताना गेली, तर परत हळू ५५०° ला नेऊन तो तास पुन्हा द्या.

तुकडा तडकून निघाला तर भेगेची कड नीट पाहा. ती गोलसर, वितळलेली असेल तर काच चढताना फुटली: सुरुवातीची गती तासाला १००° करा. कड धारदार असेल तर निवताना फुटली: ५५०° चा थांबा वाढवा, आणि दोन्ही काचा खरंच एकाच शीटच्या होत्या का ते तपासा.