कॅनॉल धुताना डेंटिन विरू देऊ नका

आरसीटी (रूट कॅनॉल ट्रीटमेंट) केलेली दाढ फुटून आली की पेशंट म्हणतो, "कडक भाकरी खाल्लो की ओ फक्त". सोलापुरात प्रॅक्टिस असेल तर हे वाक्य पाठ झालेलं असतं. पण भाकरीला शिव्या द्यायच्या आधी आपण कॅनॉलमधे, म्हणजे दाताच्या मुळातल्या नळीत, काय आणि किती वेळ ओतलं ते बघा.

चादरीच्या सुताला ब्लीच जास्त लागलं की सूत विरतं, तसंच हे. डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा दाताचा मुख्य थर, वजनानं साधारण ७० टक्के मिनरल, २० टक्के ऑरगॅनिक, त्यात बहुतेक कोलॅजन हे प्रथिन, बाकी पाणी. कॅनॉल धुवायचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच) कोलॅजन खातं आणि दुसरं सोल्युशन ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. लॅबमधे डेंटिनचे तुकडे ५.२५ टक्के हायपोत २ तास बुडवले तर वाकताना लवकर मोडतात, ०.५ टक्क्यात तेवढं होत नाही. पण म्हणून हायपो सोडू नका, इन्फेक्शन राहिलं तर मजबूत दात घेऊन करणार काय?

मी ३ टक्के वापरते, फाईल (कॅनॉल घासायचं बारीक हत्यार) बदलली की दरवेळी ताजं, साइड व्हेंट सुई (बाजूला भोक असलेली) वर्किंग लेंथच्या, म्हणजे कॅनॉलच्या मोजलेल्या लांबीच्या, २ मिमी अलीकडे आणि न अडकता सैल. सारखं ताजं बदललं की कमी टक्क्यातही काम होतं. बाटली मात्र गडद आणि गार जागी ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात टेबलावर राहिलेल्या हायपोत दम उरत नाही, मग लोक टक्केवारी वाढवत बसतात.

शेवटी १७ टक्के ईडीटीए, एकच मिनिट, घड्याळ लावून. इंटर्न असताना मी ते भरून चहाला गेले होते, आणि १० मिनिटांत ट्युब्यूलच्या (डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्यांच्या) भिंती झिजतात हे नंतर वाचलं 😅 ईडीटीएनंतर परत हायपो जास्त वेळ ठेवलं तर उघडं पडलेलं कोलॅजनही जातं, म्हणून मी सलाईननं संपवते. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशकही वापरणार असाल तर मधे सलाईननं नीट धुवा, हायपोत मिसळलं की तपकिरी गाळ बसतो.

आणि सगळं खापर सोल्युशनवर फोडू नका. १९८९ च्या एका अभ्यासात नुसत्या अ‍ॅक्सेसनं (कॅनॉलपर्यंत जायला पाडलेल्या भोकानं) प्रीमोलरचा, म्हणजे छोट्या दाढेचा, ताठपणा ५ टक्केच कमी झाला, एमओडी कॅव्हिटीनं (वरून आणि दोन्ही बाजूंनी कोरलेल्या खड्ड्यानं) ६३ टक्के. मार्जिनल रिज (दाढेच्या चावायच्या भागाच्या पुढच्या-मागच्या कडा) वाचवा, दाढेवर कॅप लवकर बसवा, तोवर भाकरी दुसऱ्या बाजूनं, आणि आमटीत कुस्करून.