हनोईचा मनोरा: चकत्या हलवायच्या कशा?

एकट्याने खेळायचं हे कोडं फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये बाजारात आणलं. तीन खांब असतात. त्यांतल्या एकावर मोठी चकती तळाला आणि सर्वांत लहान माथ्यावर, असा निमुळता मनोरा. तो सगळाच्या सगळा दुसऱ्या खांबावर न्यायचा. एका वेळी एकच चकती उचलायची, तीही वरचीच, आणि लहान चकतीवर मोठी कधीच ठेवायची नाही. नियम एवढेच.

मूळ खेळात ८ चकत्या होत्या. शिकताना तीन पुरे. त्यासाठी खेळणं विकत आणायचीही गरज नाही. कागदावर क, ख, ग अशी तीन वर्तुळं काढा आणि क वर पाच, दोन, एक रुपयाची नाणी रचा. जुनी-नवी नाणी मिसळली तर आकार फसवतात, तेव्हा आधी एकमेकांवर ठेवून बघा.

आता ग वर जायचंय. रुपया ग वर, दोनचं नाणं ख वर, रुपया उचलून त्या दोनवर. क वर पाचचं नाणं एकटं उरलं आणि ग मोकळं झालं. पाच तिकडे न्या. मग रुपया क वर, दोन पाचवर, रुपया दोनवर. झालं, ७ चाली.

यातली चौथी चाल नीट बघा. तळाचं नाणं हलायचं तर त्याच्यावरची सगळी तिसऱ्या जागी गोळा झालेली असावी लागतात. चौथं, दहाचं नाणं घेतलं तर आधी तिघांना ख वर न्यायला ७, दहाला १, तिघांना परत आणायला ७, म्हणजे १५ चाली. पाच चकत्यांना ३१, आठांना २५५. काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ चकत्या हलवणं चालू आहे आणि ते संपलं की जग संपेल, अशी एक कथा या खेळाबरोबर पसरली. काळजी नको, सेकंदाला एक चाल केली तरी सुमारे ५८५ अब्ज वर्षं लागतील.

एवढ्या चाली पाठ कशा करायच्या? करायच्याच नाहीत. सर्वांत लहान चकती एकाआड एक चालीत हलवा, आणि ती कायम एकाच दिशेने फिरवा. चकत्या विषम असतील तर क, ग, ख, पुन्हा क. सम असतील तर क, ख, ग, पुन्हा क. मधल्या चालीत लहान चकतीला हात न लावता जी एकच चाल शक्य असते, ती करा.

मध्येच फोन आला आणि कुठपर्यंत आलो ते विसरलात, तर शेवटी कोणती चकती हलवली एवढंच आठवा. लहान हलवली असेल तर आता दुसरीची पाळी, नाहीतर लहानची. आणि सगळं नियमाप्रमाणे करूनही मनोरा ग ऐवजी ख वर उभा राहिला, तर सम-विषम बघण्यात घोळ झालाय. पहिली चाल उलट्या बाजूला करून पुन्हा मांडा.