रविवारी बाण मारायला यायचंय ना, मग शनिवारी एवढं उरकून ठेवा

अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून साताऱ्यात धनुष्य म्हटलं की लोकांना पुल्या आणि नेम धरायच्या साईटवालं कंपाउंडच आठवतं, पण आपलं साधं बिनसाईटचं रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) असलं तरी त्याला सेटिंग लागतंच, उलट जरा जास्तच लागतं.

पहिलं म्हणजे लिंब बघा (म्हणजे धनुष्याचे दोन हात, बारा मोटांच्या विहिरीचं लिंब गाव नव्हे), कापसाचा बोळा फिरवायचा, कुठं अडकला तर तिथं चीर समजा. स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) चढवताना स्ट्रिंगरच (त्यासाठीचा दोर) वापरा, पायात अडकवून वाकवलं की लिंबाला पीळ बसतो. स्ट्रिंगला मेण चोळून घ्या. जुनं धनुष्य असेल तर डॅक्रॉनचीच (जरा ताणणाऱ्या धाग्याची) स्ट्रिंग.

आता ब्रेस हाइट. हँडलच्या खाचेपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, 62 इंची रिकर्व्हला साधारण 7.5 ते 8 इंच, कंपनीनं आकडा दिला असेल तर तोच धरा. कमी भरलं तर स्ट्रिंग काढून पीळ वाढवा, जास्त असेल तर सोडा, एका वेळी चार-पाचच पीळ, आणि दर वेळी पाच-सहा बाण मारून कान द्या. टणटण वाजून हातात झिणझिण्या आल्या तर अजून जमलं नाही, बसका 'ठप' आवाज आला की तिथंच थांबा आणि आकडा वहीत लिहा. बाण न लावता मात्र कधीच सोडू नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

नॉकिंग पॉइंटला (स्ट्रिंगवर बाणाची शेपटी अडकवायची जागा) सुताराचा गुण्या चालतो, बाण टेकतो तिथून स्ट्रिंगला काटकोन धरून त्याच्या अर्धा इंच वर दोरा गुंडाळायचा, पण फेविक्विक इतक्यात नको, कारण तो हलणार आहे.

मग 10-12 मीटरवरून पिसं लावलेले तीन आणि बिनपिसाचा एक बाण मारा. पिसवाल्यांपेक्षा बिनपिसाचा खाली बसला तर नॉकिंग पॉइंट थोडा खाली घ्या. उजव्या हातानं मारणाऱ्याचा बिनपिसाचा डावीकडं गेला तर बाण कडक (कमी वाकणारा) आहे, जड टोक लावा, उजवीकडं गेला तर मऊ, मग हलकं टोक. बाण कापायचा विचार सगळ्यात शेवटी, कापलेला परत वाढत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला राव! मी एकदा टोक, पीळ, दोरा तिन्ही एकदम बदललं आणि अख्खा रविवार बाण शोधण्यात गेला.

घरी निघताना स्ट्रिंग उतरवा आणि धनुष्य उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. पोवई नाक्यावर मिसळ खाईपर्यंत माझ्या एका लिंबाचा डिंक सुटला, तो लिंब आता टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून लावलाय.