पावसाच्या झडीत वाकळ शिवताना

कोल्हापुरात आषाढाची झड लागली की वाकळ शिवायला निवांत सवड मिळते. माळ्यावरचं जुन्या लुगड्यांचं बोचकं उघडण्याआधी काठीने हलवून घ्या. पावसात विंचू, साप कोरडी जागा धरतात. साप दिसलाच तर मारू नका, बिचारा आसऱ्याला आलेला असतो. लांबूनच नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा.

थर सुतीच घ्या आणि प्रत्येकावर इस्त्री फिरवा, नाहीतर आतली ओल कुबट वास धरते. आधी लांब कच्चे टाके घालून मगच कडेपासून आत धावदोरा घाला. कच्च्या टाक्यांशिवाय मधे फुगा येतो, तो उसवल्याशिवाय जात नाही.

जोडीला खपलीची खीर रटरटत असेल, तर गहू बोटाने चेपेपर्यंत गूळ घालू नका; नंतर गहू मऊ होत नाही.