दुसऱ्याच्या नावानं आत शिरताना

"ताई, बटनच दिसंना झालंय."

वेबसाइट वापरणाऱ्या कुणाचा असा फोन आला की पूर्वी मी पहिलं हेच विचारायची, "पासवर्ड काय आहे तुमचा?" मिनिटाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा. बहुतेक वेळा पोराचं नाव आणि पुढं जन्मसाल. तोच पासवर्ड मेलला, तोच बँकेला. तो मेसेज माझ्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून. आता मी कुणालाही पासवर्ड विचारत नाही. तुम्हीही विचारू नका, त्याची गरजच नसते.

बेळगावातल्या शहापूरला घराच्या माडीवर बसून मी पाच-सहा वेबसाइटी सांभाळते. वडगावच्या साड्यांचं एक दुकान, एका गावच्या साहित्य संमेलनाची साइट, एक पतसंस्था, अशा. सगळ्या वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. वर्डप्रेस पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, हॅश करून, म्हणजे परत उलगडता न येणाऱ्या रूपात ठेवतं, म्हणून अ‍ॅडमिनलाही तो वाचता येत नाही. बदलता येतो, पण मग तो माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर. त्यापेक्षा जॉन ब्लॅकबर्न यांचं 'युजर स्विचिंग' हे फुकट प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घ्या. ते सुरू केलं की युजर्सच्या यादीत नावावर माउस नेल्यावर 'स्विच टू' दिसतं. दाबलं की तुम्ही त्या माणसाच्या खात्यात. परतायचं तर वरच्या पट्टीतल्या नावाखाली 'स्विच बॅक'. कॉलेजच्या मूडलमध्ये (ऑनलाइन शिकवायचं सॉफ्टवेअर) 'लॉग इन अ‍ॅज' मुळातच असतं, वर्डप्रेससारख्याच ड्रुपलवाल्यांना 'मास्करेड' मिळतं. दाबायचं कसं, एवढंच आहे. आत गेल्यावर काय बघायचं, हे खरं काम.

पहिल्यांदा एकच ठरवायचं: तक्रार त्यांच्या खात्यात शिरल्यावर मलाही दिसते की नाही? दिसली तर दोष खात्यात किंवा साइटमध्ये. नाही दिसली तर त्यांच्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये नाहीतर नेटमध्ये. मग उगाच साइट उसवत बसायचं नाही. त्यांना इनकॉग्निटो खिडकी उघडायला सांगायचं, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बघायला सांगायचं.

संमेलनाच्या साइटवर एक पोरगा बातम्या लिहितो. त्याचं म्हणणं, "फोटो चढंना." माझ्याकडून दहा फोटो चढले. अ‍ॅडमिनला सगळं दिसतं, सगळं चालतं, तिथंच आपण फसतो. त्याच्या खात्यात गेले तर मीडियाचा पर्यायच गायब. मीच त्याला 'काँट्रिब्यूटर' हा रोल, म्हणजे कमी हक्कांची पायरी, देऊन ठेवलेलं, आणि काँट्रिब्यूटरला फाइल चढवताच येत नाही. 'ऑथर' केलं, काम झालं. पण ऑथरनं यूट्यूबचा आयफ्रेम कोड (पानातच व्हिडिओ दाखवणारा) चिकटवून सेव्ह केला की तो कोड गुपचूप उडतो, आणि अ‍ॅडमिनच्या हातून तोच टिकतो. तीही तक्रार यायचीच होती, आली. खानापूरच्या एका गुरुजींचं निराळंच. मी फोनवर "प्रकाशित करा, प्रकाशित करा" म्हणत्येय आणि त्यांच्या प्रोफाइलमध्ये भाषा कन्नड. 2016 च्या 4.7 आवृत्तीपासून डॅशबोर्डची भाषा ज्याची त्याला निवडता येते. त्यांच्या खात्यात गेल्यावर मला ते अर्ध्या सेकंदात कळलं. त्याआधी वीस मिनिटं घसा कोरडा करून घेतलेला.

आता निपाणीच्या काकांची गोष्ट. कापड दुकान आहे त्यांचं, वडगावच्या साइटवरून साड्या मागवतात. "बिलात आयजीएसटी का लावताय? दोघंबी कर्नाटकात हाय की." बरोबर होतं त्यांचं. राज्यातल्या राज्यात माल गेला तर अडीच टक्के सीजीएसटी नि अडीच एसजीएसटी, राज्याबाहेर गेला तर पाच टक्के आयजीएसटी. मी माझ्या खात्यातून तीच साडी तीन वेळा कार्टमध्ये घातली, तिन्ही वेळा कर बरोबर. मग त्यांना फोन करून, "काका, दहा मिनिटं तुमच्या नावानं आत येते, चालेल का?" म्हणून विचारलं आणि गेले. पत्ता उघडला. निपाणी, पिनकोड 591237, जीएसटी नंबर 29 नं सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकचाच. आणि राज्याच्या खान्यात? महाराष्ट्र! चुकून नव्हे. यादीतून मुद्दाम शोधून निवडलेलं. 1956 पासूनचं दुखणं आहे, मला हसूही येईना आणि रागही येईना. पण साइटवरचं दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्स प्लगिनला सीमाप्रश्न कुठला ठाऊक? ते राज्याचं खानं बघतं आणि कर लावतं. पिनकोड त्या राज्यात बसतो का, हे ते ताडून बघत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचाच फोन. "ताई, ही जांभळी साडी मी कार्टमध्ये कधी घातली?"

चूक माझी. तपासायला म्हणून त्यांच्या खात्यातून कार्टमध्ये साडी टाकली आणि तशीच सोडून आले. वूकॉमर्स लॉगिन केलेल्या माणसाचं कार्ट जपून ठेवतं, ते बघणारा कोण हे त्याला कळत नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या खात्यात मी बघते फक्त. सेव्ह नाही, ऑर्डर नाही, न वाचलेल्या मेसेजला हात नाही. काही टाकावंच लागलं तर निघताना काढायचं.

या कामाला मी फायरफॉक्स वेगळा ठेवलाय, रोजचं काम क्रोमवर. नाहीतर आपण कोण आहोत हेच विसरायला होतं. आत शिरण्याआधी फोन करायचाच, कारण प्लगिन त्या माणसाला काहीही कळवत नाही. वहीत तारीख, वेळ, कुणाचं खातं, कशासाठी, एवढं लिहायचं. मूडल स्वतः नोंद ठेवतं, हे प्लगिन ठेवत नाही. पतसंस्थेच्या सभासदांच्या खात्यात मात्र मी पाऊल टाकत नाही. तिथं त्याच रोलचं एक खोटं खातं काढून ठेवलंय. रोलचा घोळ असला तर त्यात दिसतो. काकांच्या पत्त्यासारखा घोळ दिसत नाही हे खरं, तेव्हा सभासदालाच समोर बसवून त्याच्याच फोनवर बघते.

आणि बाहेरच्या माणसाला साइट कशी दिसते ते बघायला याच प्लगिनात तात्पुरतं लॉगआउट करणारं 'स्विच ऑफ' आहे. लॉगिन असताना कॅशमधली, म्हणजे साठवून ठेवलेली, जुनी पानं बहुधा आपल्याला दिसतच नाहीत, गिऱ्हाइकाला दिसतात.

काकांचं राज्य माझ्या हातून बदलता आलं असतं, दोन क्लिकचं काम. तेवढं मात्र मी केलं नाही. फोन करून कुठं दाबायचं ते सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बिलापुरतं करतो कर्नाटक."